वीस घागरी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महादेवपुऱ्याच्या त्या प्लॉटवरची बोअर आटली. मोटर चालू केली की पाइपातून आधी लाल चिखल यायचा आणि मग नुसती हवा. तेव्हापासून टँकर दोन दिवसांआड येऊ लागला, तोही अर्धा भरून. पाणी काळ्या टाकीत पडायचं आणि टाकीच्या तोटीला बिंदुमाधव मुकादम कुलूप लावायचा. किल्ली त्याच्या करदोट्याला असायची. आंघोळीला माणशी एक तांब्या, भांड्यांना राख.

घर चुन्यात बांधायचं होतं. मालकीण श्वेता मूळची पुण्याची, जवळच्याच आयटी पार्कात कामाला. तिला सिमेंटचा वाससुद्धा नको होता. म्हणून निपाणीकडून कृष्णात गवंडी आणि त्याची बायको कस्तुराबाई यांना बोलावून घेतलं होतं. दोघंही लोणाऱ्यांच्या, म्हणजे पिढीजात चुना भाजणाऱ्यांच्या घरातली. कृष्णातचा हात गिलाव्यावर बसलेला. कस्तुराबाईचं माहेर मात्र अजून भट्टी लावणारं, चुनखडी भाजून चुनकळी करणारं. चुनकळी नुसती जिभेच्या टोकाला लावून ती कच्ची की पक्की ते ती सांगायची. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना ठसे उरले नव्हते, आधार कार्डाच्या वेळी यंत्रानं तिला तीनदा परत पाठवलं होतं.

प्लॉटच्या कोपऱ्यात चुना विझवायचा हौद होता, हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल. त्याचं माप ठरलेलं होतं. आधी पाच घागरी पाणी, मग त्यात थोडी थोडी करत दोन घमेली चुनकळी. चुनकळी पाण्यात पडली की फुसफुसायची, फुटायची, पाण्याला कढ यायचा. नागराज लांब दांड्याच्या फावड्यानं ती फिरवत राहायचा. नागराज कोलारकडचा, कस्तुराबाईला अक्का म्हणायचा. त्याची बायको भाग्यलक्ष्मी कस्तुराबाईच्या बरोबरीनं डोक्यावरून घमेली वाहायची. दोन वर्षांत ती मराठी शिकली होती आणि कस्तुराबाई कानडी. भांडताना मात्र दोघी आपापल्या भाषेत भांडायच्या.

हातभराच्या हौदातला चुना गिलाव्याला पुरेना, तेव्हा बिंदुमाधवनं शेजारी मोठा हौद बांधून घेतला. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. चुनकळी किती लागेल ते कृष्णातनं रात्री बायकोला विचारलं.

"आठ हौदांची," कस्तुराबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"दुप्पट तर हाय."

"तिन्हीकडनं दुप्पट हाय. आठ लागंल. सोळा घमेली."

कृष्णातनं तसंच सांगितलं आणि सोमवारी सकाळी टेम्पो सोळा घमेली चुनकळी टाकून गेला. ती उघड्यावर राहिली तर हवेनंच फुलून मैदा होणार, म्हणजे त्याच दिवशी विझवायला हवी होती. पत्र्याखाली पांढऱ्या दगडांचा ढीग पडला आणि बिंदुमाधव कुलूप काढून तोटीपाशी उभा राहिला.

"वीस घागरी," तो म्हणाला. "एक जास्त न्हाई."

कस्तुराबाईनं घागर खाली ठेवली. "मुकादम, चाळीस लागतील."

"कशाच्या चाळीस? कृष्णात, ये इकडं." त्यानं खिशातून टेप काढला, मोठ्या हौदाच्या तळावर आडवा-उभा धरला. बिंदुमाधव मूळचा फरशीवाला. दहा वर्षं त्यानं टाइल बसवली होती आणि कुठलीही जागा तो तळापासून मोजायचा. "ह्या तळात बारके हौद किती बसतात? चार. एकाला पाच घागरी, चाराला वीस. बारक्यात पाणी फूटभर येतंय, ह्याच्यात पण फूटभरच येणार. घाल पाणी आणि बघ. टँकर आता बुधवारी. उरलेलं पाणी काय तुझा बाप आणून देतोय?"

"पाणी फूटभर येईल," कस्तुराबाई म्हणाली, "पण चुनकळी चार हौदांची न्हाई. ती आठांची हाय."

भिंतीकडेला चुन्याच्या मसाल्याचे ठोकळे वाळत ठेवले होते. ताकद तपासायला आर्किटेक्टनं करून घेतलेले, सगळे सारख्या मापाचे, चौकोनी. कस्तुराबाईनं पदरात आठ ठोकळे घेतले आणि जमिनीवर बसली. एक ठोकळा बाजूला ठेवला. "हा बारका हौद." मग चार एकमेकांना चिकटवून ठेवले. "हा तुमचा तळ. चार." मग त्याच्यावर उरलेले तीन ठेवले आणि बाजूचा ठोकळा उचलून चौथ्या जागी बसवला. "आणि हा वरचा मजला. आता बघा, उंची पण दुप्पट झाली. मुकादम, तुम्ही खालचाच मजला मोजलाय."

सळईवर काम करणारे चार-पाच जण जवळ आले होते. कुणीतरी हसलं. नागराज म्हणाला, "अक्का सरी, बरोबर सांगतेय."

"आणि आणखी एक," ती म्हणाली. चारचौघं ऐकतायत म्हणून नव्हे, तर धंद्याची गोष्ट अर्धी सांगायची तिला सवय नव्हती म्हणून. "पोट आठपट, पण तोंड चौपटच. भिंती पण चौपट. वाफ तोंडातनं जाणार आणि धग भिंतीतनं. चाळीस घागरी घातल्या तरी बारक्यापेक्षा हा जास्त तापणार. म्हणून चुनकळी चार डावात, थांबून थांबून टाकायची."

बिंदुमाधवचा चेहरा आधी लाल झाला, मग थंड. तो कृष्णातकडे वळला.

"काय गा कृष्णात, घरात लुगडं कोण नेसतंय, तू का ती?"

या वेळी हसणारे जास्त होते. कृष्णात ठोकळ्यांकडे बघत होता. त्याला हिशोब कळला होता, हे कस्तुराबाईला त्याच्या मानेवरून दिसलं. तो दोन पावलं पुढं आला आणि उलट्या हातानं तिच्या तोंडात मारली. ती बसल्या जागी कलंडली. दातानं गाल आतून कापला.

"गप काम कर," तो म्हणाला.

बिंदुमाधवनं बुटानं ठोकळे उडवले. एकाचा कोपरा तुटला. कस्तुराबाई उठली, तोंडातलं रक्त बाजूला थुंकली आणि घागर घेऊन तोटीपाशी गेली.

वीस घागरी तिनं आणि भाग्यलक्ष्मीनं वाहिल्या. बिंदुमाधव मोठ्यानं मोजत होता. विसावी झाली तसं त्यानं कुलूप लावलं. पाणी फूटभर आलं. त्यानं टेप बुडवून सगळ्यांना दाखवला.

मग चुनकळी. तोंडाला पदर बांधून दोघी घमेली वाहू लागल्या. हवेतल्या पांढऱ्या भुकटीनं पापण्या जड झाल्या, घामाच्या धारेवर भुकटी बसली की तिथं आग व्हायची. चार घमेल्यांपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. सहाव्याला पाण्याला कढ आला. आठव्यानंतर कस्तुराबाई थांबली.

"आता थांबू या. निवू दे."

"थांबलं की संध्याकाळ होतीया," बिंदुमाधव म्हणाला. "टाका."

दहाव्याला हौदाच्या बाहेरच्या विटा हाताला चटका देऊ लागल्या. चौदाव्याला फावडं जाईना. पाणी दिसतच नव्हतं. पिठल्यासारखा दाट लगदा वर येत होता, मोठमोठे बुडबुडे येऊन फाटत होते आणि प्रत्येक बुडबुड्यागणिक चुन्याचे गोळे काठावर आपटत होते. नागराजनं मान बाजूला करून फावडं रेटलं. सोळावं घमेलं भाग्यलक्ष्मीनं लांबूनच फेकलं आणि पळाली. ती चुनकळी भिजलीच नाही. वर कोरडीच राहिली, मग तडतडत लाल भेगा पडल्यासारखी फुटायला लागली. वाफेची शिट्टी वाजत होती.

"जळालं! चुना जळाला!" बिंदुमाधव ओरडला. त्यानं तोटीचं कुलूप काढलं, घागर भरली आणि कृष्णातच्या हातात दिली. "ओत. ओत लवकर."

"वरनं नको," कस्तुराबाई धावली. "वरनं पाणी नको घालू. नागराज, बाजूला हो."

कृष्णातनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मुकादमाकडे. आणि ओतली.

आवाज मोठा झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसा झाला. हौदाच्या मधोमधून पांढरा खांब उठला, माणसापेक्षा उंच, आणि सगळीकडे कोसळला. कृष्णातच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चुना बसला. नागराजच्या तोंडावर बसला. नागराजनं फावडं सोडलं, दोन पावलं मागं गेला, खाली बसला आणि मग ओरडू लागला. त्याच्या चेहऱ्यावर डोळे, नाक काहीच दिसत नव्हतं. तो हातानं डोळे चोळायला लागला तशी कातडी बोटांबरोबर येऊ लागली.

कस्तुराबाईनं त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि भाग्यलक्ष्मीला ओरडून सांगितलं, "हात धर. दोन्ही हात धर. चोळू देऊ नको."

कुणी म्हणालं तेल लावा, कुणी म्हणालं तूप. सळईवाल्यांतला एक जण खोबरेल घेऊन आला. तिनं बाटली उडवून दिली. "पाणी आणा."

टाकीत तोटीच्या वर पाणी नव्हतं. शेवटच्या घागरीनं पातळी तोटीखाली गेली होती. कस्तुराबाई साइटच्या ऑफिसात घुसली, साहेब लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन होते, ते लोळवत बाहेर आणले. एकाचं झाकण दातानं काढलं. नागराजची डावी पापणी तिनं अंगठ्यानं वर ओढली. आत चुन्याचा खडा होता. तो पदराच्या टोकानं काढला आणि धार धरली. तो गुरासारखा उसळत होता. भाग्यलक्ष्मी त्याच्या हातांवर आडवी पडली होती आणि देवाचं नाव घेत होती. एक कॅन डाव्या डोळ्याला संपला. उजव्या पापणीखाली तिनं बघितलं आणि दुसरा कॅन तरीही ओतला. तिथलं बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालं होतं.

श्वेताची गाडी अर्ध्या तासानं आली. नागराजला मागच्या सीटवर आडवा घातला. गाडीत एकाच माणसाला जागा होती. भाग्यलक्ष्मी चढत होती, तेवढ्यात नागराजचा थोरला भाऊ कृष्णमूर्ती पलीकडच्या साइटवरून धावत आला. त्यानं तिला मागं ओढलं, दुसऱ्या एका नातेवाइकाला आत ढकललं आणि गाडी गेली. कृष्णमूर्ती सळई वाकवायचं काम करायचा. खांद्यानं दरवाजा अडवेल असा माणूस. त्याच्यामागं आणखी पाच होते.

"यारु?" त्यानं विचारलं. कुणी केलं?

बिंदुमाधव टाकीला टेकून उभा होता. त्यानं बोट दाखवलं. "चुन्याचा माणूस तो हाय. माप त्याचं. पाणी पण त्यानंच ओतलं. सगळ्यांनी बघितलंय."

कृष्णात भिंतीशी बसून दोन्ही भाजलेले हात हवेत धरून होता. तो उठायच्या आत पहिली लाथ त्याच्या बरगडीत बसली. मग सगळेच. फळीनं, बुटानं, सळईच्या तुकड्यानं. त्यानं तोंड वाचवायला हात वर केले तेव्हा भाजलेल्या कातडीवर सळई बसली आणि त्याचा आवाजच बंद झाला. कृष्णमूर्तीनं त्याचा उजवा हात ओढून विटेवर ठेवला. "ह्याच हातानं ओतलं?" आणि सळई उतरवली. मनगट मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

कृष्णात एकदाही म्हणाला नाही की माप माझं नव्हतं. म्हणाला असता तर सकाळी बायकोला कशासाठी मारलं तेही सांगावं लागलं असतं.

कस्तुराबाई मध्ये पडली नाही. मध्ये पडून दोघं मार खातील, एवढंच होईल, हे तिला दिसत होतं. ती भाग्यलक्ष्मीपाशी गेली. भाग्यलक्ष्मी धुळीत बसली होती, नवऱ्याचा शर्ट मांडीवर, केस चुन्यानं पांढरे.

"घमेली किती वाहिली आपण?" कस्तुराबाईनं विचारलं.

भाग्यलक्ष्मीनं वर बघितलं. "तुझ्या नवऱ्यानं ओतलं, अक्का."

"ओतलं. त्यानंच ओतलं. मी घमेली विचारतेय. किती?"

"सोळा."

"आणि बारक्या हौदाला?"

"दोन."

"पाणी किती वाहिलं?"

भाग्यलक्ष्मी थांबली. तिनं स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली, हातात धरली. दोन वर्षं रोज दोन घमेल्यांना पाच घागरी तिनं त्याच चुंबळीवर वाहिल्या होत्या. तिला ठोकळे कळले नव्हते. पण मानेला कळत होतं. चुनकळीनं सकाळपासून मान मोडली होती आणि पाण्यानं मोडली नव्हती.

"वीस," ती म्हणाली. मग हळू, "चाळीस पाहिजे होतं. तू बोललीस. त्यानं ठोकळ्याला लाथ मारली."

ती उठली. दिराकडं चालत गेली आणि कानडीत बोलू लागली. आवाज चढवला नाही. सोळा, दोन, वीस, पाच, हे आकडे तेवढे मध्ये मध्ये ऐकू येत होते. एकदा तिनं कस्तुराबाईच्या सुजलेल्या गालाकडं बोट केलं. शेवटी टाकीच्या कुलपाकडं.

कृष्णमूर्तीनं सळई टाकून दिली. बिंदुमाधव तोवर गेटापर्यंत पोचला होता. त्याला दोघांनी आणला, करदोट्याला धरूनच आणला. करदोटा तुटून किल्ली धुळीत पडली. तो म्हणत होता की आपण तळ मोजून दिला होता, टेप लावून दिला होता, हवं तर आताही लावून दाखवतो. कृष्णमूर्तीनं त्याची मान धरून हौदाच्या काठावर दाबली. चुना अजून रटरटत होता. वाफेनं बिंदुमाधवच्या भुवया आखडल्या. तोंड आणि चुना यांत वीतभर अंतर राहिलं होतं आणि ते कमी होत होतं.

"धुवायला पाणी संपलंय," कस्तुराबाई म्हणाली.

ती दया होती की नुसती माहिती, ते तिच्या आवाजावरून कुणाला सांगता आलं नसतं. कृष्णमूर्तीनं तिच्याकडं बघितलं. मग रिकाम्या कॅनांकडं. त्यानं बिंदुमाधवला मागं ओढलं, जमिनीवर आपटलं आणि चपलेनं मारायला सुरुवात केली. पोलीस येईपर्यंत त्याचे पुढचे चार दात गेले होते. पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं, घाईत पाय घसरला.

नागराजचा डावा डोळा राहिला. उजवा गेला. चौथ्या दिवशी श्वेता साइटवर आली. हौदापाशी उभी राहून तिनं लांबी, रुंदी, खोली बघितली, मोबाईलवर काहीतरी केलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"प्रत्येक बाजू डबल केली की व्हॉल्यूम आठपट होतो, सरफेस चौपट," ती म्हणाली. "हे शाळेत शिकवतात हो कस्तुराबाई. इतक्या माणसांत कुणालाच कसं कळलं नाही?"

"कळलं होतं," कस्तुराबाई म्हणाली आणि घमेलं घासत राहिली.

पंधरा दिवसांनी चुनकळीचा दुसरा टेम्पो आला. तोवर जळालेला चुना छिन्नीनं काढून टाकला होता. नवा मुकादम मिळाला नव्हता. टाकीची किल्ली श्वेतानं कस्तुराबाईच्या हातात दिली होती, ती तिनं मंगळसूत्रात ओवली होती. टँकर सकाळीच टाकी भरून गेला होता.

भाग्यलक्ष्मी इस्पितळात नवऱ्यापाशी होती. पाणी वाहायला माणूस नव्हतं. कृष्णातचा उजवा हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताची कातडी नुकती गुलाबी येऊ लागलेली. पंधरा दिवसांत तो बायकोशी कामापुरतंच बोलला होता. तिनं भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकली होती आणि त्याच्या अंगावर कपडे चढवले होते.

त्यानं घागर उचलली. डाव्या हातानं तोटीखाली धरली, खांद्यावर रेटली, हौदापर्यंत नेली, ओतली. गुलाबी कातडीला घागरीचा काठ लागून दुसऱ्याच खेपेला रक्त आलं. पलीकडच्या साइटवरून कृष्णमूर्ती आणि त्याची माणसं काम थांबवून बघत होती. कुणी हसलं नाही. कुणी मदतीलाही आलं नाही.

कस्तुराबाई हौदाच्या काठावर बसली होती. तिच्याजवळ चुनकळीचे चार ढीग होते, एका ढिगात चार घमेली. शेजारी एक ठोकळा पडला होता, कोपरा तुटलेला. तो तिनं चुनकळी फोडायला पायाखाली घेतला होता.

पाणी फूटभर आलं तेव्हा कृष्णात थांबला. घागर खाली ठेवली. सदरा खांद्याला चिकटला होता.

"वीस झाल्या," तो म्हणाला.

तिनं वर बघितलं नाही. हातातला दगड ठोकळ्यावर ठेवला आणि एका घावात फोडला.

"वरचा मजला राहिलाय," ती म्हणाली.

त्यानं घागर उचलली आणि तोटीकडं गेला.